दगडापासून ड्रोनपर्यंत, व्हाया चारकोप

माझी आई नातेवाइकांना सांगायची, "आमचा चेडू प्रॉपर्टीत आसा." मुंबईत हे वाक्य कानावर पडलं की माणसं सावरून बसतात. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी तर पोहे खाता खाता बोरिवलीला वन बीएचके कितीपर्यंत जमेल, अशी चौकशी सुरू केली होती. मग मला खुलासा करावा लागला. माझी प्रॉपर्टी म्हणजे शूटिंगची प्रॉपर्टी. अंधेरीत एका गोदामात मी तलवारी, भाले, गदा आणि बंदुका सांभाळते. मालिकावाले, जाहिरातवाले भाड्याने नेतात, परत आल्या की मी त्या पुसून जागच्या जागी टांगते. मुलाच्या वडिलांनी उरलेले पोहे तसेच ठेवले आणि पाणी मागितलं.

मी तिथे लागले ती कपडे शिवायला. शस्त्रं सांभाळणारा माणूस गावी गेला तो परतलाच नाही, म्हणून ती बाजू माझ्याकडे आली आणि राहिली. माणसाची हत्यारं कशी बदलत गेली हे लोक पुस्तकात वाचतात. मला ते भाड्याच्या मागणीवरून कळलं. सुरुवातीला सगळं पौराणिक चालायचं, तेव्हा गदा आणि धनुष्यबाण. नट जितका हडकुळा, तितकी त्याला गदा मोठी हवी. मग राजेरजवाड्यांची लाट आली. प्रत्येक निर्मात्याला मागच्यापेक्षा लांब तलवार हवी असायची. शेवटी एक तलवार इतकी लांब झाली, की ती म्यानातून पूर्ण बाहेर काढायला नटाचा हात पुरेना. दिग्दर्शकाने मध्ये एक कट घेतला आणि शूर सरदाराची तलवार दोन शॉटमध्ये उपसली. त्यानंतर गुन्हेगारीच्या वेब सिरीज आल्या आणि बंदुकांना बरे दिवस आले. बंदूक हातात असली की नटाला वाक्यं कमी लागतात आणि शिव्या जास्त, त्यामुळे पाठांतराचा ताण नाही.

एवढ्या युद्धांत माझ्या हत्यारांनी एकच माणूस जखमी झालेला मला माहीत आहे, आणि ती मी. एक गदा फळीवरून माझ्या पायावर पडली. नटाला 'फील' यावा म्हणून तिच्यात सिमेंट भरलं होतं.

आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये एक भावी नगरसेवक राहतात. पालिकेच्या निवडणुका तेव्हा बरीच वर्षं रखडल्या होत्या. त्यामुळे आमच्या भागात आजी कोणी नव्हतेच. जे होते ते माजी, नाहीतर भावी. यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर नावाच्या आधी 'भावी' असायचं, म्हणून घरोघरी त्यांना भावीच म्हणायचे. समोर म्हणताना 'भाऊ' म्हणायचं, एवढंच.

तर हे भावी एका रविवारी सकाळी आमच्या घरी आले. सोबत चार जण. चौघांच्याही हातात काही नव्हतं, तरी ते काहीतरी उचलून आणल्यासारखे उभे.

"ताई, नवरात्रात यंदा हटके करायचंय," भावी म्हणाले. "रस्त्यापलीकडचा दांडिया करतोय. टीव्हीची हिरोईन आणतोय म्हणे. आणू दे. आपण ज्ञान देऊ."

"कसलं ज्ञान?"

"शस्त्रांचं! 'दगडापासून ड्रोनपर्यंत, मानवाच्या शौर्याची गाथा.' आदिमानवापासून सुरू करायचं ते आजच्या सैन्यापर्यंत. दसऱ्याला शस्त्रपूजन करून समाप्ती. तुमच्या गोदामात सगळं आहे, मला कळलंय."

मी म्हटलं, मालकांना विचारा. त्यांनी ते आधीच विचारलं होतं. आमच्या मालकांनी गोदामाला मागच्या अंगाला पत्रे ठोकून जागा वाढवली होती, आणि ते पत्रे कोणाच्या तरी डोळ्यावर येतील ही त्यांची कायमची काळजी होती. त्यामुळे ज्ञानदानाला ते लगेच तयार झाले. मलाही सोबत दिलं, हत्यारांबरोबर.

"माहिती लिहायला कोण?" मी विचारलं.

"सर आहेत ना!"

सर म्हणजे आमच्याच मागच्या गल्लीत राहणारे निवृत्त शिक्षक. मला सातवीत इतिहास त्यांनीच शिकवला. अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे आणि सकाळी वाचनालयात बसून पेपरातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करायचे. भावी त्यांच्याकडे गेले तेव्हा सर म्हणाले, "येतो मी. पण जे खरं आहे ते मांडायचं."

"शंभर टक्के खरं, सर," भावी म्हणाले. "फक्त पॉझिटिव्ह."

पहिली अडचण आली ती दगडाची. गोदामात तोफा होत्या, परशू होते, अंतराळातल्या लेझरच्या बंदुकाही होत्या, पण दगड नव्हता. शूटिंगचे दगड थर्माकोलचे असतात. सर म्हणाले, निदान पहिलं हत्यार तरी खरं पाहिजे. भावींनी पोरं पाठवली. सबंध चारकोप फिरून ती पेव्हर ब्लॉक घेऊन आली. गुळगुळीत, षटकोनी, एका बाजूला ठेकेदाराचा शिक्का. सरांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा कुठल्या आदिमानवाचा?"

शेवटी आईने आपला वरवंटा दिला. मालवणहून आलेला, काळा, दोन्ही टोकांना झिजलेला. मिक्सर आल्यापासून तो सिंकखाली पडून होता. आम्ही तो लाल कापडावर ठेवला आणि फ्लेक्सवाल्याने खाली छापून दिलं, 'पाषाणयुगीन हत्यार.' सरांनी डोक्याला हात लावला. पण तोवर रांगेतल्या पहिल्या बाईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी आई प्रदर्शन बघायला आली, तेव्हा तिच्या वरवंट्यावर झेंडूची फुलं, समोर सुट्टे पैसे. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जल्मभर मी ह्येच्यान वाटप वाटलंय, माका कोणी एक फूल दिल्यान नाय."

पण मी पुढे गेले. त्याआधी घडलं ते सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

सरांची कल्पना साधी होती. ते गोदामात आले, दोन तास फिरले, आणि त्यांची नजर गेली कोपऱ्यातल्या डमींवर. डमी म्हणजे मेलेली माणसं. युद्धाच्या प्रसंगात जमिनीवर अंथरायला लागतात. कापसाचं अंग, रबराचे चेहरे, कोणाच्या पोटात भोक, कोणाच्या छातीवर वाळलेला लाल रंग. माणसं भाड्याने झोपवण्यापेक्षा स्वस्त पडतात आणि मध्येच उठून चहा मागत नाहीत.

"हे घेऊ," सर म्हणाले. "प्रत्येक हत्यारासमोर एक ठेवू. दगडासमोर एक, बाणासमोर एक, तोफेसमोर चार. म्हणजे बघणाऱ्याला कळेल की शस्त्र सुधारत गेलं म्हणजे नेमकं काय सुधारलं."

मला ते पटलं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हत्यार नेणाऱ्यांनी डमी नेहमी वेगळ्या बिलावर नेल्या होत्या. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणी मांडून दाखवलं नव्हतं. आम्ही टेम्पोत हत्यारं भरली आणि वर डमी घातल्या. चारकोपच्या नाक्यावर हवालदाराने टेम्पो थांबवून ताडपत्री उचलली आणि तो दोन पावलं मागे गेला. मग रबराचे चेहरे बघून हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या."

मैदानात मंडप झकास उभा राहिला. डाव्या हाताने आत शिरायचं, उजव्या हाताने बाहेर. मधली तोफ आमच्या मनोरीच्या सुताराने ड्रेनेजच्या जाड पाइपातून केली होती आणि ती इतकी खरी दिसत होती, की लोकांनी पहिल्याच संध्याकाळी तिच्या तोंडात वेफर्सची पाकिटं टाकायला सुरुवात केली. सगळ्यात शेवटी ड्रोन. तो एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून आणला होता आणि दोऱ्याने टांगला होता. संध्याकाळी गर्दी व्हायची, नेमका तेव्हा फोटोग्राफरला तो पलीकडच्या दांडियाच्या शूटिंगला लागायचा. त्यामुळे आमच्या प्रदर्शनातलं भविष्यातलं शस्त्र रोज संध्याकाळी विरोधी पक्षात असायचं.

उद्घाटनाच्या सकाळी भावी आले आणि दगडासमोरच थबकले.

"हे काय?"

"मेलेला माणूस," सर म्हणाले.

"ते दिसतंय सर. पण कशाला?"

"दगड त्याला लागला."

भावींनी मान लांब करून मंडपात पाहिलं. बाणापाशी एक पडलेला. भाल्यापाशी एक. तोफेपाशी चार, एकावर एक. बंदुकीपासून पुढे तर मी जागा पुरेना म्हणून रांगेने झोपवले होते.

"सर, फॅमिली येणार हो. लेडीज येणार, लहान पोरं येणार. नवरात्र आहे. हे असं... निगेटिव्ह वाटतं."

"मग शस्त्र कशासाठी असतं असं लिहू?"

"शौर्यासाठी!" भावी म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

वाद वाढला नाही. सर बोलत राहिले आणि ते बोलत असतानाच पोरांनी डमी उचलायला घेतल्या. मला वाटलं, टेम्पोत टाकतील. पण भावींच्या डोक्यात कल्पना चमकली. एवढे सहा फुटी पुतळे फुकट का घालवा? त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही शिवता ना? यांची भोकं बुजवा. कपडे चढवा. उभे करू."

दुपारपर्यंत ते सगळे उठून उभे राहिले. पोटातली भोकं मी दोऱ्याने शिवली. छातीवरच्या डागावर चिलखत आलं. पाठीला बांबू बांधला. दगडासमोरच्याच्या हातात, ज्या दगडाने तो पडला होता, तोच... नाही, वरवंटा जड होता, त्याला थर्माकोलचा दिला. बाणाने मेलेल्याच्या हातात धनुष्य दिलं. तोफेपुढचे चारही जण तोफेमागे जाऊन उभे राहिले. पण त्यांचे चेहरे मेलेल्यांचेच होते. डोळे अर्धे मिटलेले, तोंडं उघडी. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गर्जना करतायत.

सर खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. मी सुई दातात धरून म्हटलं, "सर, घरी जाता का? ऊन लागेल."

"अगं, इतकी वर्षं इतिहास शिकवला," ते म्हणाले. "असं होतं हे माहीत होतं. होताना पहिल्यांदा बघतोय."

नंतर त्यांनी लिहिलेल्या पाट्यांची पाळी आली. एका पाटीवर होतं, 'तोफेपुढे किल्ल्यांच्या भिंती आणि तलवारी टिकल्या नाहीत.' कोणीतरी म्हणालं, हा तलवारीचा अपमान आहे. दुसरा म्हणाला, तोफ बाहेरची आणि तलवार आपली, मग आपली का हरली? तिसऱ्याने विचारलं की त्याच्या गावाकडच्या कोयत्याला जागा का नाही. पाट्या दोनदा बदलल्या. शेवटी जो इतिहास उरला, त्यात दगडापासून ड्रोनपर्यंत एकही शस्त्र कधी हरलं नव्हतं आणि एकही माणूस कधी मेला नव्हता. आईने पूर्ण फेरी मारली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "गो, इतकी हत्यारा! मगे मेलो कोण?"

गर्दी मात्र झाली. बंदुकांच्या टेबलावर हात लावायची मुभा होती. त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायका गटाने यायच्या आणि मशीनगन खांद्याला लावून फोटो काढायच्या. मोरपिशी दिवशी एका बाईने मला विचारलं, "ह्यात निळसर काही आहे का हो?" मी तिला लेझरची बंदूक दिली. ती खूश झाली.

सर रोज यायचे. कोणाला वाटलं नव्हतं येतील. पाट्या त्यांच्या राहिल्या नव्हत्या, डमीही नव्हत्या, म्हणून ते स्वतः उभे राहायचे, तोफेपाशी. लोक आले की सांगायचे, "ह्या चौघांकडे नीट बघा. हे सैनिक नाहीत. हे मेलेले आहेत. उद्घाटनाआधी इथे खाली पडले होते." मग तोफेचा गोळा लागल्यावर काय होतं, जखमेत कापड गेलं की ती कशी सडते, गावातल्या विहिरीचं पाणी का पिता येत नाही, हे सगळं त्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात. काही लोक थांबून ऐकायचे. एक रिक्षावाला दोनदा आला, दुसऱ्यांदा बायकोला घेऊन. बाकीचे सर संपायची वाट बघायचे आणि विचारायचे, "काका, जरा सरकता का? फोटोत येताय."

भावींना हे कळलं, पण त्यांनी सरांना काही म्हटलं नाही. कारण मध्येच त्यांचा वाढदिवस आला आणि त्यांची स्वतःचीच वाट लागली.

वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, ही आमच्याकडची नवी पद्धत आहे. सुरी हाताशी असताना माणसं तलवार शोधतात. मी दुपारी जेवायला घरी गेले होते, तेवढ्यात पोरांनी मंडपातली सगळ्यात लांब तलवार उचलली, तीच ती, दोन शॉटवाली. मैदानातच टेबल मांडलं, वर तीन मजली केक, बाजूला बुलेट गाड्या. भावींनी माईकवर सांगितलं की ही त्यांच्या घराण्याची तलवार आहे, गावच्या देवघरातून आणली आहे. टाळ्या. मग तलवार केकवर टेकवली आणि दाबली.

ती फायबरची होती. धार नव्हतीच, कडा माझ्या अंगठ्याएवढी जाड. केक कापला गेला नाही, बसला. वरचा मजला मधल्यावर, मधला खालच्यावर. भावी दाबत राहिले आणि क्रीम दोन्ही बाजूंनी त्यांच्या मनगटापर्यंत आलं. शेवटी बाजूने एक हात आला, त्यात प्लास्टिकची सुरी होती, आणि केक कापला गेला. तलवारीचा चंदेरी रंग क्रीमला लागला होता. लोकांनी तो चांदीचा वर्ख समजून खाल्ला.

हा व्हिडिओ रस्त्यापलीकडच्या दांडियावाल्या भावींनी पोलिसांपर्यंत पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस मंडपात आले आणि सगळ्या तलवारी गाडीत घालून घेऊन गेले. मालकांचा मला फोन, "जाऊन सांग त्यांना, आपली प्रॉपर्टी आहे." मी पोलीस ठाण्यात पोचले, तर भावी आधीच बाकावर बसले होते, पांढऱ्या शर्टात, गळ्यातली साखळी आत घातलेली. समोरच्या टेबलाशी एक महिला अधिकारी होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांना लोक मॅडम म्हणत होते.

"ह्या कोणाच्या?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या. शूटिंगच्या आहेत. खोट्या."

"हे तर व्हिडिओत म्हणतायत घराण्याची आहे." त्यांनी भावींकडे बघितलं. "नक्की काय? घराण्याची असेल तर शस्त्र बाळगल्याचा, मिरवल्याचा गुन्हा. शूटिंगची असेल तर तसं लिहून द्या."

दाराबाहेर भावींची पोरं कान लावून उभी होती. भावींनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा मॅडमकडे. मग पुढे वाकून, अगदी हळू म्हणाले, "शूटिंगची आहे मॅडम."

"मोठ्याने बोला."

"शूटिंगची. फायबरची. खोटी आहे."

"कापून दाखवता?"

टेबलावर कोणाचा तरी नाश्ता होता, पावाची लादी. मी ती लांब तलवार उचलली आणि पावावर ओढली. पाव दबला आणि पुन्हा वर आला. दोन हवालदार हसले. मॅडमनी हसू आवरलं, पण आवरलेलं दिसलं. मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ परत लावला, केक बसतो तिथे थांबवला आणि म्हणाल्या, "पुरावा तुमचा तुम्हीच शूट केलाय. घराण्याचं नाव राखायचं असतं तर आत टाकावं लागलं असतं." खोट्या तलवारीने का होईना, लोकांत दहशत वाटेल असं वागू नका, असं बजावून त्यांनी भावींना सोडलं. तलवारी मात्र चौकशी पूर्ण होईपर्यंत ठेवून घेतल्या.

आम्ही बाहेर आलो. पोरांनी गराडा घातला. "भाऊ, काय झालं?"

भावींनी साखळी शर्टाबाहेर काढली. "काय होणार? बोललो मी त्यांना. घराण्याची आहे म्हटलं, हात लावायचा नाही. बघू कोण अडवतो." पोरांनी घोषणा दिल्या. मी दोन हातांवर उभी होते. भावींनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मला त्यांची दया आली नाही, पण मी काही बोलले नाही. उन्हात पायी घरी यायचं होतं आणि त्यांच्या गाडीत जागा होती.

आता भावींना दसरा चांगला करायचा होता. तलवारी नसल्याने शस्त्रपूजनाला बंदुका मांडल्या. प्लास्टिकच्या, ओळीने, प्रत्येकीला गंध आणि आपट्याचं पान. आणि स्टेजवर सरांचा सत्कार ठेवला. सरांना ते आधी कोणी सांगितलं नव्हतं. ते नेहमीसारखे तोफेपाशी बोलत होते, तर दोन पोरं आली आणि अतिशय अदबीने त्यांच्या दोन्ही दंडांना धरून त्यांना वर घेऊन गेली. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. माईकवरून भावी म्हणाले, "सरांनी नऊ दिवस आपल्याला इतिहास सांगितला. आता सरांनी आराम करावा, ही सर्व चारकोपकरांच्या वतीने विनंती." टाळ्या. सर माईककडे वळले, बोलायला. तेवढ्यात सनई लागली.

मी आयुष्यभर शस्त्रांत वावरले, पण माणसाला इतक्या सफाईने आणि एक थेंब रक्त न सांडता गप्प करणारं, त्या शालीसारखं हत्यार मी आमच्या गोदामात कधी पाहिलं नाही. भाड्याने मागायला आलेच कोणी, तर बिलावर ते कशाखाली लिहायचं हाही प्रश्न पडेल.

घरी जाताना मी सरांबरोबर चालत होते. त्यांनी शाल घडी करून काखेत धरली होती. मला वाटलं रागावले असतील. त्यांनी नारळ कानाशी हलवून बघितला आणि म्हणाले, "पाणी आहे. ह्या दहा दिवसांत पहिली खरी वस्तू मिळाली."

"सर, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण तो रिक्षावाला बायकोला घेऊन आला होता, ते आठवतंय मला. वर्गात साठ पोरं असायची, तेव्हाही ऐकणारं एखादंच असायचं. तू तर खिडकीबाहेर बघायचीस."

"बघायचे," मी म्हटलं. खरं तेच होतं.

तलवारी अजून आलेल्या नाहीत. मालक महिन्यातून एकदा मला पोलीस ठाण्यात फोन करायला लावतात. पलीकडून सांगतात, प्रोसेसमध्ये आहे. आमच्या खोट्या तलवारी आता खऱ्या चॉपरच्या आणि कोयत्यांच्या शेजारी कुठेतरी फळीवर असतील आणि कोणी नवा हवालदार त्यांनाही घाबरून हात लावत नसेल. मालकांनी तशा नव्या करून घेतल्या नाहीत. आता युद्धं बरीचशी कॉम्प्युटरवर होतात. नटाच्या हातात हिरवी काठी दिली की पुढचं सगळं ते लोक पवईच्या कुठल्याशा ऑफिसात बसून भरतात.

निवडणूक अखेर लागली. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला आणि भावींना कायमचं भावी राहावं लागलं. तिकीट त्यांच्या बायकोला मिळालं. ती प्रचाराला आमच्या दारी आली, तेव्हा भावी जिन्यात मागे उभे होते, हात जोडून, सवय नसलेल्या माणसासारखे. आईने तिला आत बोलावून पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "तुझो घोव तलवार घेऊन फिरता, तू काय घेतलंस?"

ती बाई दमलेली होती. चपला काढून तिने पाय जरा पुढे पसरले. "आजी, त्यांना घरी टोमॅटो पण चिरता येत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, तुमच्याकडे वरच्या मजल्यावर पाणी किती वाजता येतं?"

आई सांगत बसली. बराच वेळ. जिन्यातून घोषणा द्यायला पोरं अधीर झाली होती, पण आतून कोणी बाहेर येईना.